टाळू फोडणारा हिरवा साप? चापड्याच्या नावावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस लागला की कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हिरव्या सापाचा मेसेज फिरायला लागतो. शब्द दर खेपेला थोडे बदलतात, आशय तोच राहतो. हा साप झाडावर बसतो आणि पानांत दिसत नाही. खालून माणूस गेला की उडी मारून थेट टाळूवर चावतो. चावल्यावर पाच मिनिटांत खेळ खलास. त्याच्या विषावर औषध नाही, त्यामुळे दवाखान्यात नेऊन उपयोग नाही. जागेवरच चिरा देऊन रक्त काढा आणि वर घट्ट आवळा. याची पिल्लं आईचं पोट फाडून बाहेर येतात. घराभोवती डांबरगोळ्या टाका, दिसला की ठेचा, आणि अर्थातच पुढे पाठवा.

यातलं सगळंच खोटं असतं तर मेसेज इतकी वर्षं टिकला नसता. साप झाडावर राहतो हे खरं, पानांत दिसत नाही हेही खरं. ‘औषध नाही’ या शब्दांतही थोडं तथ्य आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच थोडं तथ्य करतं. म्हणून एकेक विधान घेऊ.

‘हा हिरवा साप’

कोणता हिरवा साप? मेसेज लिहिणाऱ्याने दोन अगदी वेगळ्या सापांची एकत्र मोट बांधली आहे. टाळूची दंतकथा मुळात हरणटोळाची. त्यालाच काही भागांत सर्पटोळ म्हणतात. विषाची ख्याती चापड्याची. मेसेजने एकाची गोष्ट आणि दुसऱ्याचे विषदंत उचलले.

चापडा हा पिट व्हायपर, म्हणजे घोणस आणि फुरशाच्याच कुळातला, पण डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे खळगा (इंग्रजीत ‘पिट’) असलेला. महाराष्ट्रात झाडावर राहणारे दोन चापडे मिळतात. एक हिरवा चापडा, ज्याला बांबू पिट व्हायपर म्हणतात. तो द्वीपकल्पीय भारताबाहेर कुठेच सापडत नाही. दुसरा मलबारी चापडा, जो फक्त पश्चिम घाटातला आणि आंबोलीच्या पावसाळी रात्रींचा नेहमीचा रहिवासी. जुन्या पुस्तकांत या दोघांचा वंश ‘ट्रायमेरेसुरस’ लिहिलेला दिसेल, आता ‘क्रॅस्पेडोसेफॅलस’ लिहितात, साप तेच. लांबी साधारण दीड ते अडीच फूट, क्वचित साडेतीन फुटांच्या आसपास. अंग लांबीच्या मानाने जाड, मान बारीक, डोकं रुंद, शेपटी आखूड पण फांदीला वेढा घालून घट्ट धरणारी. विषदंत तोंडाच्या पुढच्या भागात, लांब आणि मिटणारे. तोंड उघडलं की ते पुढे उभे राहतात.

हरणटोळ निमविषारी. चाबकाच्या वादीसारखा लांबलचक, बारीक साप. चार-पाच फूट सहज भरतो. तोंड टोकदार, पुढे निमुळतं होत गेलेलं. विषदंत जबड्याच्या मागच्या बाजूला. सरडे, पाली, बेडूक यांना गप्प करण्यापुरतं त्याचं विष काम करतं. माणसाला चावला तर ओरखडे, थोडी सूज, थोडी आग, बस. या सापाला वर्षानुवर्षं ‘अहेतुल्ला नॅसुटा’ या एकाच नावाखाली ठेवलं होतं. २०२० मध्ये अभ्यासकांनी त्याच्या वेगवेगळ्या जाती सुट्या केल्या. तेव्हा नॅसुटा हे नाव श्रीलंकेतल्या सापाकडे गेलं आणि आपल्या सह्याद्रीतल्या उत्तर भागातला हरणटोळ ‘अहेतुल्ला बोरिॲलिस’ झाला.

हातात फोटो असेल तर ओळख पटवताना हा क्रम ठेवा. आधी डोक्याचा वरचा भाग मोठा करून बघा. चापड्याच्या डोक्यावर बारीक खवले दाटीने बसलेले असतात. हरणटोळाच्या डोक्यावर मोठ्या, दोन्ही बाजूंना सारख्या पट्टिका दिसतात. मग डोळा आणि नाकपुडी यांच्या मधली जागा बघा. तिथे नाकपुडीहून मोठा, स्पष्ट खळगा दिसला तर विषय संपला, तो पिट व्हायपर. बाहुलीचा नंबर तिसरा. चापड्याची बाहुली उभी चीर, हरणटोळाची आडवी. पण काळोखात चापड्याची बाहुली पसरते, आणि अशा वेळी काढलेल्या फोटोत ती चक्क गोल येते. नुसत्या बाहुलीवरून निकाल देणारे तिथे हमखास फसतात.

‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ हा नियम तर विसरूनच जावा. मांजऱ्या सापाचं डोकं त्रिकोणी, बाहुलीही उभी, आणि साप निमविषारी. उलट नाग आणि मण्यार यांचं डोकं त्रिकोणी नसतं. हा नियम पाळायचा तर मण्यार उशाशी घेऊन झोपायला हरकत नाही.

वेळेचाही उपयोग होतो. हरणटोळ दिवसाचा साप. भरदुपारी फांद्यांतून फिरताना दिसतो आणि रात्री फांदीच्या टोकाशी झोपलेला सापडतो. चापड्याचं उलटं. दिवसा तो वेटोळं घालून निपचित पडतो, इतका की लोक त्याला मेलेला किंवा सुस्त समजून काठीने हलवून बघतात. हे अजिबात करू नये. दिवसा सुस्त दिसणाऱ्या चापड्याची झेप रात्रीइतकीच वेगवान असते.

आता रंग. ‘हिरवा’ ही ओळखच कच्ची आहे. हिरव्या चापड्याच्या अंगावर कधी तपकिरी-काळसर ठिपके असतात, कडेच्या खवल्यांवर बहुधा फिकट रेघ असते, शेपटीचं टोक अनेकदा पिवळं किंवा तांबूस. मलबारी चापडा तर रंगांच्या बाबतीत कुणाचंच ऐकत नाही: हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी, राखाडी-निळसर, आणि त्यावर गडद नक्षी. एकाच ओढ्यावर दोन रंगांचे दोन मलबारी चापडे दिसले तर ते दोन जातींचे नसतात. शिवाय बऱ्याच हिरव्या सापांचा हिरवा रंग दोन थरांचा बनलेला असतो: कातडीतलं पिवळं रंगद्रव्य आणि प्रकाश विखुरल्यामुळे दिसणारा निळा. साप मेल्यावर किंवा स्पिरिटमध्ये ठेवल्यावर पिवळा आधी जातो आणि निळा उरतो. ‘दुर्मिळ निळा साप मारला’ अशी बातमी आली तर आधी हे आठवावं.

मेसेजसोबत येणारा फोटोही बहुतेकदा आपल्याकडचा नसतो. लाल गुलाबावर बसलेल्या निळ्या सापाचं जे चित्रण २०२० मध्ये जगभर फिरलं, तो साप इंडोनेशियातल्या लेसर सुंदा बेटांवरच्या जातीचा, आणि चित्रण मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयातलं. सह्याद्रीत तो साप नाही. गुलाबावर तर तो इंडोनेशियातही आपण होऊन बसायला जात नाही.

‘खालून माणूस गेला की उडी मारून टाळूवर’

व्हायपर झेप कशी घेतो ते समजलं की हे विधान आपोआप गळून पडतं. साप शरीराचा पुढचा भाग इंग्रजी एस अक्षरासारखा वळवून ठेवतो आणि झटक्यात सरळ करतो. मागचा भाग कशाला तरी धरून असतो. चापड्याच्या बाबतीत शेपटीने फांदीला घातलेला वेढा. झेपेचा पल्ला अंगाच्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. म्हणजे दोन फुटी चापडा आठ इंच ते एक फूट. वेग मात्र भयंकर, पापणी लवायच्या आत दात रुतून परत. पण पल्ला म्हणजे पल्ला. तीन फुटांवरून चालणाऱ्या माणसाच्या टाळूपर्यंत पोचायला त्याला फांदी सोडून द्यावी लागेल, आणि फांदी सोडलेला साप नेम धरत नाही, नुसता खाली पडतो.

झाडावरून खरोखर तरंगत जाणारा साप आपल्याकडे आहे, तो उडता सोनसर्प. बरगड्या पसरून, अंग चपटं करून तो उंच फांदीवरून खालच्या फांदीवर किंवा जमिनीवर उतरतो. तो निमविषारी आहे, आणि ही कसरत तो पळ काढायला किंवा झाड बदलायला करतो. त्याचा चापड्याशी संबंध नाही.

चापड्याची शिकार करण्याची पद्धतच मुळी बसून वाट पाहण्याची. अंधार पडल्यावर तो ओढ्याकाठच्या झुडपात, बांबूच्या बेटात, पडलेल्या ओंडक्यावर किंवा ओल्या कातळावर येतो, जागा धरतो आणि तासन् तास हलत नाही. तोच साप सलग काही रात्री त्याच बेचक्यात दिसणं हे नेहमीचंच. बेडूक, पाल, सरडा, लहान पक्षी, उंदीर यांपैकी जे टप्प्यात येईल ते. झाडावरून सोडलेली शिकार खाली पडून हरवते, म्हणून झाडावरचे व्हायपर बहुधा चावल्यावर भक्ष्य सोडत नाहीत, विष भिनेपर्यंत तोंडात धरून ठेवतात.

डोळा आणि नाकपुडीमधला तो खळगा इथे कामाला येतो. त्यात एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्यावर चेहऱ्याच्या मज्जातंतूची टोकं पसरलेली असतात. समोरच्या वस्तूची उष्णता पडद्यावर पडते आणि तापमानातला अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका फरकही सापाला कळतो. दोन्ही बाजूंना खळगे असल्यामुळे दिशा आणि अंतराचा अंदाज येतो. उंदीर गरम म्हणून उठून दिसतो. ओल्या अंगाचा बेडूक बाष्पीभवनामुळे आजूबाजूपेक्षा थोडा थंड असतो, आणि हा उलटा फरकही खळग्याला समजतो. यातून माणूस कसा दिसत असेल? गिळता न येणारा प्रचंड गरम ऐवज. तयार करायला दिवस लागतात असं विष अशा ऐवजावर खर्च करून सापाला काही मिळत नाही. तो निपचित पडून राहतो, कारण न दिसणं हाच त्याचा बचाव आहे.

मग हातावर, दंडावर, प्रसंगी चेहऱ्यावर चापडा चावल्याच्या घटना घडतात त्या कशा? त्याच न दिसण्यामुळे. चापडा बहुतेकदा गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंतच्या झाडोऱ्यात असतो, आणि नेमक्या त्याच उंचीवर माणसाचे हात काम करत असतात. माणूस करवंदाच्या जाळीत हात घालतो, बांबूच्या बेटात वाकून आत शिरतो, फांदी बाजूला करायला ती पकडतो आणि साप फुटाच्या आत येतो. म्हणजे झेपेच्या पल्ल्यात आपण जातो. हा फरक फक्त सापाची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. काळजी कुठे घ्यायची ते त्यावरून ठरतं. वर बघत, टोपी घालून चालण्यापेक्षा हाताकडे बघणं जास्त उपयोगाचं.

बांबू तोडताना बेटाच्या एकाच बाजूने बघून काम सुरू करू नये. दोन बाजूंनी, गुडघ्यापासून छातीच्या उंचीपर्यंत नजर फिरवावी, कारण वेटोळं घातलेला चापडा एका कोनातून पूर्ण झाकलेला आणि दुसऱ्या कोनातून उघडा असतो. पाच-सहा फुटांच्या काठीने आधी बेट हलवावं. पण नुसता आवाज केला की चापडा पळून जाईल असं समजू नये. तो धामणीसारखा पळणारा साप नाही, बसल्या जागी चिकटून राहतो; काठी हलवायची ती तो दिसावा म्हणून. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि चामड्याचे हातमोजे घालावेत. सुती मोज्यातून त्याचे दात सहज आरपार जातात. रात्री पायवाटेने जाताना विजेरी फक्त पायांपुढे धरायची सवय घोणस-फुरशासाठी बरोबर आहे, पण ओढ्याकाठी आणि जाळीतून जाताना ती अधूनमधून कमरेच्या आणि छातीच्या उंचीवरही फिरवावी. वाटेवर चापडा दिसलाच तर जागेजवळ, पुरेसं अंतर ठेवून, एखाद्या काठीला रंगीत चिंधी बांधून ठेवावी. तो उद्याही तिथेच असण्याची शक्यता बरीच असते.

‘पाच मिनिटांत मृत्यू’

चापड्याच्या दंशाने मृत्यू ही अतिशय विरळ गोष्ट आहे. पाच मिनिटांत तर नाहीच. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. वर्षाला सरासरी ५८ हजार. हा भार मुख्यतः घोणस, नाग, मण्यार आणि फुरसं यांचा आहे, चापड्याचा नाही.

चापडा चावला की होतं ते असं. लगेच तीव्र, जळजळणारी वेदना. काही मिनिटांत दंशाभोवती सूज, जी पुढच्या काही तासांत बोटावरून मनगटाकडे आणि कोपराकडे चढू शकते. जागा काळी-निळी पडते, कधी फोड येतात, काखेतल्या गाठी दुखतात, मळमळ होते. सूज उतरायला बहुधा काही दिवस लागतात, बोट ताठरलेलं राहिलं तर जास्तही. काही दंशांत विष सोडलेलंच नसतं आणि दोन टोचल्याच्या खुणांपलीकडे काही होत नाही. विषाचा परिणाम रक्त गोठण्याच्या क्रियेवरही होऊ शकतो, आणि नेमकं तेच बाहेरून दिसत नाही. म्हणून ‘मरत नाही ना, मग घरीच हळद लावू’ हा दुसऱ्या टोकाचा शहाणपणाही चुकीचा.

‘औषध नाही, दवाखान्यात नेऊन उपयोग नाही’

या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आणि दुसरा धोकादायक. दोन्ही नीट वेगळे करायला हवेत.

भारतात वापरलं जाणारं प्रतिविष, ज्याला डॉक्टर एएसव्ही म्हणतात, चार सापांच्या विषावर तयार केलेलं असतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोड्यांना या विषांच्या वाढत्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिपिंडं मिळवतात. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी सुपरिचित आहे. या चौघांत चापडा नाही. त्यामुळे चापड्याच्या विषावर एएसव्ही भरवशाने लागू पडत नाही, आणि ओळख पक्की असताना ते टोचण्यात फायदा कमी, धोका जास्त. घोड्याची प्रथिनं शरीरात गेल्यामुळे रक्तदाब एकदम कोसळण्यासारखी तीव्र रिॲक्शन येऊ शकते.

पण खास प्रतिविष नसणं म्हणजे उपचार नसणं नव्हे. चापड्याच्या दंशात डॉक्टर वेदना आटोक्यात आणतात, सुजलेला अवयव आधार देऊन योग्य स्थितीत ठेवतात, सूज कुठवर चढली याच्या वेळेसकट खुणा करतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, लघवीचं प्रमाण आणि मूत्रपिंडाचं काम बघतात, आणि रक्त गोठतंय की नाही हे पुन्हा पुन्हा तपासतात. रुग्णाला चोवीस तास नजरेखाली ठेवणं हा उपचाराचा गाभाच आहे.

रक्त गोठण्याची ती तपासणी अगदी साधी आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत शिरेतलं दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहून वाहिलं तर गोठण्याची क्रिया बिघडली आहे. चुकतं ते नळीत. साबणाने धुऊन पुन्हा वापरलेली किंवा प्लॅस्टिकची नळी घेतली तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही, आणि गरज नसताना एएसव्ही सुरू होतं. मधेच नळी हलवून बघण्यानेही निकाल बिघडतो. एकदा रक्त गोठलं म्हणून रुग्णाला लगेच घरी पाठवणं बरोबर नाही, कारण बिघाड काही तासांनी सुरू होऊ शकतो.

दवाखान्यात जाण्याचं आणखी मोठं कारण असं, की चावलेला साप चापडाच होता हे तुम्हाला बहुतेक वेळा माहीतच नसतं. संध्याकाळी, गवतात हात घातला, काहीतरी टोचलं, हिरवं काही सळसळलं. ते हिरवं बेडूक असू शकतं आणि चावलेलं फुरसं. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी प्रसिद्धच आहे, आणि फुरशाच्या किंवा घोणशीच्या दंशावर एएसव्ही वेळेत मिळणं हाच जीवनमरणाचा प्रश्न असतो. अशा वेळी रक्त गोठत नसेल आणि साप अनोळखी असेल तर एएसव्ही द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. घोणस-फुरशाच्या दंशात सुरुवातीची मात्रा साधारण ८ ते १० कुप्यांची असते, आणि ती लहान मुलालाही तेवढीच, कारण सापाने विष वजन बघून टोचलेलं नसतं.

दक्षिण सिंधुदुर्गापासून खाली गोवा, कर्नाटक, केरळपर्यंत आणखी एक पिट व्हायपर लक्षात ठेवावा: जमिनीवर, पालापाचोळ्यात राहणारा, नाकाचं टोक वर उचललेला हंप-नोज पिट व्हायपर. लांबी फूट-सव्वा फूट, रंग मातकट. तो फुरसं म्हणून खपतो, किंवा ‘चापड्याचं पिल्लू’ म्हणून सोडून दिला जातो. त्याच्या दंशाने मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या, माणसं दगावल्याच्या नोंदी केरळ आणि श्रीलंकेत आहेत, आणि त्याच्यावरही आपलं एएसव्ही चालत नाही. डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात वेळेत पोचलेला रुग्ण मात्र बहुतेकदा वाचतो. ‘औषध नाही म्हणून दवाखाना नको’ या तर्काने याच रुग्णाचा जीव जातो.

१०८ वर फोन करा. पोचल्यावर डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: किती वाजता चावला, शरीरावर कुठे, तेव्हापासून काय काय होत गेलं, आणि आधीपासून कोणती औषधं चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करणारी. सापाचा फोटो सुरक्षित अंतरावरून मिळाला असेल तर दाखवा, नसेल तर त्यासाठी मागे फिरू नका.

‘चिरा द्या, घट्ट आवळा’

ज्या विषाने रक्त गोठणं बिघडू शकतं, त्या दंशावर ब्लेडने चिरा देणं म्हणजे न थांबणारा रक्तस्राव स्वतः सुरू करून देणं. तोंडाने ओढून विष निघत नाही. दात खोल गेलेले असतात आणि विष केव्हाच ऊतींत पसरलेलं असतं.

आवळपट्टीचं नुकसान चापड्याच्या बाबतीत तर दुप्पट. सूज वाढतच असते, वरून दोरी रुतलेली, त्यामुळे खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. विषाने न गेलेलं बोट दोरीने जातं. कुणी आधीच आवळून आणलं असेल तर रस्त्यात झटकन सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. बर्फ, पोटॅशियम परमँगनेट, चुना, कोंबडीचं गुदद्वार लावणं, विजेचा शॉक, यांतल्या एकाचाही उपयोग नाही.

करायचं ते इतकंच. माणसाला सापापासून दूर नेऊन बसवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, कडं, तंग बाही लगेच काढा. हे पहिल्या काही मिनिटांतच करायला हवं. बोट सुजल्यावर अंगठी कापून काढावी लागते. जखम पाण्याने हलकेच धुवायला हरकत नाही, चोळू नका. हात फळीच्या किंवा गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या आधाराने सैल बांधून हलू देऊ नका. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि चालत नेऊ नका.

‘पिल्लं पोट फाडून बाहेर येतात’

घोणशीबद्दलही हेच सांगतात. चापड्याची मादी अंडी घालत नाही हे खरं. अंडी पोटातच वाढतात, त्यांना कठीण कवच नसतं, आणि पूर्ण वाढलेली पिल्लं पातळ आवरणासकट शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रातून बाहेर येतात आणि आवरण फाडून सुटतात. फाटतं ते आवरण, आईचं पोट नाही. गाभण मादीला काठीने ठेचल्यावर पोट फुटून पिल्लं बाहेर आलेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या डोळ्यांसमोर पोट काठीने फाडलेलं होतं. हरणटोळसुद्धा पिल्लंच घालतो, त्यामुळे याही बाबतीत दोघांची गल्लत सोपी जाते. चापड्याचं पिल्लू जन्मापासून विषारी असतं. लहान आहे म्हणून हातात घेऊ नये.

‘घराभोवती डांबरगोळ्या टाका’

डांबरगोळ्यांनी साप थांबत नाहीत, हे प्रयोगांत तपासून झालेलं आहे. कार्बोलिक ॲसिडने माणसाची आणि कुत्र्या-मांजरांची कातडी भाजते. लसणाच्या पाण्याचं तर बोलूच नये. आणि मुळात चापडा घरात शिरणारा साप नाही; घरात येतात ते उंदरांमागचे साप. चापड्यासाठी काही करायचंच असेल तर दारावर आणि खिडकीवर टेकलेल्या फांद्या छाटा, पाणंदीवर आणि न्हाणीच्या वाटेवर झुकलेला झाडोरा हातभर मागे ठेवा.

‘दिसला की ठेचा’

ठेचायला जाणारा माणूस काठीच्या अंतरावर जातो, आणि झुडपात काठीचा फटका फांदीवर बसतो, सापावर नाही. साप खाली पडतो, तोही पायाशी. बिनकामाचा दंश ओढवून घ्यायचा हा खात्रीचा मार्ग. रानातला चापडा असेल तर चार-पाच फूट वळसा घालून जावं. वस्तीत, अंगणात, शाळेच्या कुंपणावर असेल तर लांबून एकाने नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन करावा. बाटलीत भरणं, शेपटीला धरणं, सेल्फी काढणं नको. चापडा शेपटीने फांदीला धरून असतो. त्याला ओढलं की तो सुटत नाही, मागे वळून हातावर येतो.

कुणी मारलाच असेल तर तो पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नये. व्हायपरचं तुटलेलं डोकंही बराच वेळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतं आणि विषदंतांत विष शिल्लक असतं. डॉक्टरांना सापाचा मृतदेह लागत नाही, फोटो पुरतो.